व्हिसा : पाहिलेला कागद

सेमिनरीत आम्ही जे थोडेफार लॅटिन शिकलो, त्याचा उपयोग पुढे अनपेक्षित ठिकाणी झाला. आज छत्रपती संभाजीनगरच्या कोणत्याही ख्रिस्ती वस्तीत, बारावी उत्तीर्ण मुलगा अगर नर्सिंग झालेली मुलगी असलेल्या घरात, 'व्हिसा' हा शब्द रोजच्या बोलण्यात असतो. हा शब्द मूळचा लॅटिन आहे. 'कार्ता विसा' म्हणजे पाहिलेला कागद. कोणी अधिकाऱ्याने तो डोळ्यांखालून घातला, त्याची खातरजमा केली, एवढाच त्याचा मूळ अर्थ. कागद कोणी पाहायचा, काय पाहून समाधान मानायचे आणि कागद नसलेल्याचे काय करायचे, हे प्रश्न मात्र त्या शब्दाइतकेच जुने आहेत. विद्येसाठी समुद्र ओलांडणाऱ्या आपल्या माणसांना ते कसकसे भेटले, त्याची ही हकिगत आहे.

ती सुरू करायची तर गोव्यातील दिवाडी बेटापासून करावी लागते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तेथील एका ब्राह्मण ख्रिस्ती घराण्यात मातेउस द कास्त्रो जन्मले. याजक होण्याची त्यांची तीव्र इच्छा होती. परंतु गोव्याच्या तत्कालीन आर्चबिशपांना या कुळातील तरुणांना याजकीय दीक्षा द्यायची नव्हती. युरोपला जायचे, तर पोर्तुगीज राजाच्या 'पाद्रोआदो' या धर्माधिकाराखाली मार्ग एकच : पोर्तुगीज गलबत आणि लिस्बन. राजाची संमती नाही त्याला गलबतात जागा नाही. कास्त्रोंनी तो मार्गच सोडला. खुष्कीच्या वाटेने, पश्चिम आशियातील मुलुख तुडवीत ते १६२५ साली रोमला पोहोचले. धर्मप्रसाराचे काम पाहणारी 'प्रोपागांदा फीदे' ही परिषद स्थापन होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. तेथे त्यांनी अध्ययन केले, याजकीय दीक्षा घेतली आणि रोमची अधिकारपत्रे घेऊन ते मायदेशी परतले.

यापुढचा भाग आजच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल. गोव्याच्या अधिकाऱ्यांनी त्या पत्रांच्या खरेपणाविषयीच शंका घेतली. रोममध्ये पाहिलेला कागद गोव्यात कोणी पाहायला तयार होईना. कास्त्रो पुन्हा रोमला गेले. १६३७ साली त्यांना बिशपपदाचा अभिषेक झाला आणि आदिलशाही मुलुखाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. गोव्याच्या सीमेबाहेर, डिचोलीस त्यांनी आपले ठाणे केले. कास्त्रो स्वभावाने मवाळ नव्हते. त्यांच्या लेखणीला धार होती आणि तिने त्यांचे शत्रू वाढवले. परंतु अर्ज फेटाळला गेला म्हणून दुसरी वाट शोधणारा आपल्या भागातील पहिला विद्यार्थी म्हणून आम्ही त्यांचे नाव आदराने घेतो. दीडशे वर्षांनी, १७७१ साली, कांदोळीचा जुझे कुस्तोदियो फारिया हा पंधरा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर लिस्बनला आणि तेथून शिफारसपत्रांच्या बळावर रोमला गेला. संमोहनविद्येच्या इतिहासात 'आबे फारिया' म्हणून जे प्रसिद्ध आहेत, ते हेच. त्यांना गलबतात जागा मिळाली आणि कास्त्रोंना मिळाली नाही. मधल्या काळात राजाची मर्जी बदलली होती, एवढाच फरक.

मराठी मुलुखात हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात उभा राहिला, तोही निराळ्या रूपात. तेव्हा अमेरिकेत उतरणाऱ्या हिंदी विद्यार्थ्याला व्हिसा लागत नव्हता. चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा तेथे १८८२ साली झाला होता; हिंदी माणसाकडे अजून कोणाचे लक्ष गेले नव्हते. परवाना लागत होता तो घरच्यांचा आणि जातीचा. समुद्रगमन केलेल्याला पंक्तीतून उठवले जाई. परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागे. पुण्यात पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा घेतल्यावरून १८९० नंतर केवढे ग्रामण्य माजले, हे वाचकांना ठाऊकच आहे. एका कपभर चहाची ही कथा, तर महासागराची काय असेल!

आनंदीबाई जोशी यांची हकिगत शाळेच्या पुस्तकातून सर्वांना माहीत झाली आहे. आम्हांला तिच्यात रस आहे तो एका अर्जाची कथा म्हणून. गोपाळराव जोशी टपाल खात्यात नोकरीला होते. पत्नीला अमेरिकेत शिकवावे म्हणून १८७८ साली त्यांनी कोल्हापुरास काम केलेले अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिले. वाइल्डर तोवर अमेरिकेस परतून 'मिशनरी रिव्ह्यू' हे मासिक चालवू लागले होते. त्यांनी ते पत्र आपल्या उत्तरासह त्यात छापले. उत्तराचा मथितार्थ असा, की आधी ख्रिस्ताचा उघड स्वीकार करा, मग पाहू. अर्जदाराची पात्रता राहिली बाजूला, त्याच्या अंतःकरणाचीच तपासणी! ख्रिस्ती धर्मगुरू या नात्याने आम्हांला येथे स्पष्ट लिहिले पाहिजे, की विद्येच्या दारावर ही अट घालणे योग्य नव्हते. श्रद्धा ही देवघेवीची वस्तू नव्हे. जोशी दाम्पत्याने ती अट मानली नाही, यात त्यांचा स्वाभिमान दिसतो.

आणि गंमत पाहा. नकाराचे तेच पत्र, त्याच ख्रिस्ती मासिकातून, न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती पडले. दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना त्यांनी ते १८८० साली वाचले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि कोणतीही अट न घालता आपले घर देऊ केले. पहिला मिशनरी अट घालतो आणि दुसरी ख्रिस्ती स्त्री दार उघडते; दोघांची बायबल एकच होती.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या बॅप्टिस्ट कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी आपण अमेरिकेस का जातो हे इंग्रजीत भाषण करून सांगितले. हे श्रीरामपूर आपले नगर जिल्ह्यातील नव्हे, बंगालमधील. गोपाळरावांची तेव्हा तेथे नेमणूक होती. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी बजावले. आजच्या मुलाखतीत विचारले जाणारे दोन्ही प्रश्न, का जाता आणि परत याल का, या सतरा वर्षांच्या मुलीने कोणी अधिकारी समोर नसताना जाहीर सभेत सोडवले. दागिने विकून प्रवासखर्चाची सोय झाली. ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई ४ जूनला न्यू यॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे त्या महिन्याच्या अखेरीस त्यांनी केलेला अर्ज आजही वाचण्यासारखा आहे. आपली पूर्वतयारी प्रवेशाच्या अटींना पुरी पडणार नाही, हे त्यांनी लपवले नाही. माझ्या देशातील स्त्रिया पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचे आहे, असा त्याचा आशय. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. रमाबाईंनी स्वतः 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या विक्रीतून विलायतेचा प्रवास साधला होता. आनंदीबाई परत आल्या; पण क्षयाने त्यांना २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गाठले. त्या बावीस वर्षांच्याही नव्हत्या.

'परत याल का' या प्रश्नाला कायद्याचे रूप प्रथम संस्थानिकांनी दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा ४ जून १९१३ रोजी त्यांच्याकडून करारनामा लिहून घेण्यात आला. नेमून दिलेला अभ्यास करायचा आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. जुलैमध्ये ते न्यू यॉर्कला उतरले व कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथून १९१६ साली ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची सवलत दिली, तेवढाच आधार. करारानुसार ते बडोद्यास नोकरीला गेले, आणि तेथे या उच्चविद्याविभूषित माणसाला राहायला खोली मिळेना. परत येण्याचे वचन त्यांनी पाळले. त्यांचा स्वीकार करण्याचे वचन समाजाने कोणत्याच कागदावर लिहून दिले नव्हते. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज यांच्या जोरावर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले.

या मधल्या काळात जगाचे दरवाजे भराभर लागत होते. पहिल्या महायुद्धापूर्वी बहुतेक देशांत पासपोर्टवाचून फिरता येई. युद्धात हेरांची धास्ती वाढली आणि तात्पुरता म्हणून आलेला नियम कायमचा झाला. १९२० साली पॅरिसला राष्ट्रसंघाची परिषद भरून पासपोर्टच्या पुस्तिकेचा नमुना ठरला. त्याच वर्षी हिंदुस्थानातही पासपोर्टचा कायदा आला. अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा, हिंदुस्थानसह, वर्ज्य ठरवला. पण विद्यार्थ्यांना त्यातून वगळले. १९२४ च्या कायद्यात तर विद्यार्थी हा वेगळा वर्गच झाला : मान्यताप्राप्त संस्थेत केवळ शिकण्यासाठी येणारा, पंधरा वर्षांवरील. 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा. हिंदी माणूस तेथे स्थायिक होण्यास अपात्र, मात्र शिकण्यास पात्र, अशी ती व्यवस्था होती. १९४६ साली हिंदी स्थायिकांसाठी वर्षाला शंभर जागांचा कोटा मिळाला. १९५२ च्या कायद्याने विद्यार्थ्यांच्या व्हिसाला 'एफ-१' हे आजचे नाव दिले आणि एक गृहीतही पक्के केले : प्रत्येक अर्जदार कायम राहण्यासाठीच येत आहे असे मानायचे, आणि तसे नाही हे त्याने सिद्ध करायचे. बडोद्याच्या दरबाराने करारनामा मागितला होता. येथे कागदही नाही, तर दोन-तीन मिनिटांच्या संभाषणात अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे.

आमचे औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. येथील माणूस ब्रिटिश प्रजाजन नव्हे; कायद्याच्या भाषेत तो 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ती' गणला जाई. हैदराबादचा दरबार निवडक विद्यार्थ्यांना विलायतेस पाठवी. सरोजिनी नायडू १८९५ साली निजामाच्या शिष्यवृत्तीवरच इंग्लंडला गेल्या. पण त्या राजधानीतील विद्वान पित्याच्या कन्या. मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या मुलाला औरंगाबादच गाठणे कठीण होते. येथे इंटरमिजिएट कॉलेज निघाले ते १९२३ साली, शिक्षणाचे माध्यम उर्दू. विलायतेची गोष्ट दूरच, मॅट्रिकपुढे जाणारे बोटांवर मोजण्याइतके.

हे चित्र बदलण्यास ज्यांनी हात घातला, ते कोलंबिया व लंडन येथून परतलेले बाबासाहेबच. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जून १९५० मध्ये येथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. तेच मिलिंद महाविद्यालय. खेड्यातून पत्र्याची पेटी घेऊन आलेली मुले नागसेनवनात शिकली, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांतून परदेशी विद्यापीठांत जाणारे निघाले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला बाबासाहेबांचे नाव जोडले गेले.

आमच्या सेमिनरीविश्वातही व्हिसाचा एक धडा आहे, तो फारसा सांगितला जात नाही. पोप तेरावे लिओ यांच्या इच्छेनुसार हिंदुस्थानी याजकांच्या शिक्षणासाठी १८९३ साली जी पेपल सेमिनरी निघाली, ती सिलोनमधील कँडीस. सिलोन आणि हिंदुस्थान दोन्ही इंग्रजांचीच, तेव्हा येथील मुलगा आगबोटीने कँडीला जाई त्यात कोणाला परदेश वाटत नसे. १९४८ मध्ये सिलोन स्वतंत्र झाले, त्याने स्वतःचा प्रवेशविषयक कायदा केला, आणि बहुसंख्य विद्यार्थी भारतातले अशी ती सेमिनरी एकाएकी परदेशात जाऊन पडली. १९५५ साली ती पुण्याला रामवाडीत आली. विद्यार्थी सीमा ओलांडतो असे आपण समजतो. कधी सीमाच विद्यार्थ्याला ओलांडून जाते.

स्वातंत्र्यानंतरही पासपोर्ट हा नागरिकाचा हक्क नव्हता, सरकारची मर्जी होती. १० एप्रिल १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी खटल्यात परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला, तेव्हा कोठे त्याच वर्षी पासपोर्टचा रीतसर कायदा झाला. पैशाची टंचाई निराळीच. परकीय चलन इतके तोलूनमापून मिळे, की खिशात आठ डॉलर घेऊन विमानात बसलेल्यांच्या कथा त्या पिढीतील अनेक जण सांगतात. 'पी फॉर्म' मंजूर झाल्यावाचून तिकीट मिळत नसे. हा जाच १९९१ नंतर सैलावला आणि २००० साली नवा चलन कायदा लागू झाल्यावर बराचसा गेला. औरंगाबादचा विद्यार्थी मात्र मुलाखतीसाठी मुंबईचीच वारी करीत राहिला. मीटरगेजच्या गाडीने मनमाडला उतरायचे, तेथून मुंबईची गाडी, आणि ब्रीच कँडीला अमेरिकन वकिलातीच्या भिंतीलगत पहाटेची रांग. २०११ साली ती कचेरी वांद्रे-कुर्ला संकुलात गेली.

आता कागदांकडे वळू. धर्मग्रामाच्या कचेरीत बसून आम्ही जे रोज पाहतो, ते येथे लिहिणे अप्रस्तुत होणार नाही. आमच्या जुन्या बाप्तिस्म्याच्या वह्या लॅटिनमध्ये भरलेल्या आहेत. वैजापूर-गंगापूरकडील खेड्यांतून आलेल्या कुटुंबांत घरी यशवंत, वहीत जोसेफ, आणि शाळेत तिसरेच काही, असे सर्रास आढळते. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून. कारण गुरुजींना मुलाचे वय शाळेत घेण्याइतके भरवायचे होते. खरी तारीख आमच्या वहीत आहे. इतकी वर्षे या विसंगतीने कोणाचे बिघडले नाही. पण परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र, पासपोर्ट, बँकेचे कर्जपत्र आणि वडिलांचे नाव ही चारही जुळली नाहीत, तर अर्ज अडतो. त्यात २०२३ साली शहराचे नाव औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. दाखल्यावर एक नाव, नव्या कागदावर दुसरे, विद्यापीठाचे नाव १९९४ आधीच्या पदवीवर वेगळे. दूतावासातील अधिकाऱ्याला हा इतिहास कोठून माहीत असणार? राजपत्रातील अधिसूचनेची प्रत जोडावी, असे आम्ही सुचवतो. शिवाय अमेरिकेसाठी जून २०२५ पासून विद्यार्थ्याने समाजमाध्यमांवरील आपली खाती उघडी ठेवावी लागतात. वाइल्डरसाहेबांची अंतःकरण-तपासणी अशा रीतीने परत आली आहे.

खर्चाचे आकडे छाती दडपविणारे आहेत. अमेरिकेच्या व्हिसासाठी १८५ डॉलर आणि विद्यार्थी-नोंदणीचे ३५० डॉलर, हे नुसते अर्जाचे. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये ७१० डॉलरचे शुल्क १६०० केले आणि २०२५ मध्ये २०००. कॅनडाने निर्वाहासाठी दाखवायची रक्कम १ जानेवारी २०२४ पासून १० हजारांवरून २०,६३५ डॉलर केली. जर्मनीस जायचे, तर वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच बंद खात्यात ठेवल्याचे दाखवावे लागते, असे २०२४ मध्ये ठरले. अर्ज नामंजूर झाला, तर शुल्क परत मिळत नाही.

आणि आमच्या लोकांची खरी अडचण येथे आहे. केंद्र सरकारची अनुसूचित जातींसाठीची परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. तिच्या जागा आता १२५ आहेत आणि त्यांतील बहुतांश अनुसूचित जातींना आहेत. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्यांना नाही. एकाच गावात, एकाच वस्तीत, एकाच आजोबांची दोन नातवंडे. एक बौद्ध, तो या शिष्यवृत्तीचा अर्ज करू शकतो. दुसरा ख्रिस्ती, तो करू शकत नाही. महाराष्ट्रात त्याची गणना इतर मागासवर्गात होते, तेवढा दरवाजा उघडा आहे. अल्पसंख्याकांच्या परदेशी शिक्षणकर्जाच्या व्याजाचा भार उचलणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना होती, ती २०२२-२३ पासून बंद झाली. उरते बँकेचे कर्ज, आणि त्याला तारण म्हणून एकर-दीड एकर जमीन किंवा घर. हा प्रश्न घेऊन वडील आमच्याकडे येतात, तेव्हा आम्ही प्रवेशपत्र आणि व्हिसा हाती येईपर्यंत जमिनीचा सौदा करू देत नाही. दलालाच्या 'हमखास'वर तर मुळीच नाही. परत येईल का, हे मात्र त्यांना ठाऊक नसते, आम्हांलाही नसते, आणि मुलाला तर नसतेच.

या जिल्ह्यातील आमची जुनी मिशनकेंद्रे फ्रान्सच्या सावोय प्रांतातून, आनेसीहून आलेल्या फादरांनी उभारली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते वैजापूर तालुक्यात घोगरगावला पोहोचले, मराठी शिकले, दुष्काळात आणि प्लेगात लोकांबरोबर राहिले. त्यांना कोणी परत जाण्याची खात्री मागितली नव्हती. त्यांच्यापैकी काही परत गेलेच नाहीत. त्यांनी भरलेल्या वह्यांतूनच आम्ही आज दाखले लिहून देतो.